वॅगनार सीएनजी : मोठी गाडी विकून छोटी घेतली त्याचा सगळा हिशोब

२०२५ च्या दिवाळीत घेतलेल्या वॅगनार एलएक्सआय (सगळ्यात खालचं मॉडेल) सीएनजीचा हा रिव्ह्यू. बऱ्यापैकी रनिंग झालंय, पहिली सर्व्हिस झाली, घाट झाला, परभणीची लांबची ट्रिप झाली, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. यूट्यूबवर एक दिवस गाडी चालवून "ओव्हरऑल प्रॅक्टिकल पॅकेज" म्हणणारे भरपूर आहेत, त्यांना पंपावर रात्री साडेदहाला लाइनीत उभं राहावं लागत नाही.

आधी हे सांगतो की ही गाडी आम्ही हौसेनं घेतलेली नाही. आमच्याकडं २०१५ ची डिझेल एसयूव्ही होती, छोटीच पण उंच, रुबाबदार. मी चाकणला कंपनीत, राहायला मोशीकडं, जाणं-येणं आणि बाकीची कामं धरून महिन्याला चौदाशेच्या आसपास किलोमीटर होतात. ओव्हरटाइम बंद झाला, त्यात पोराची अकरावी आणि क्लासची फी, घराचा हप्ता तर आहेच. बायको महिन्याचा खर्च वहीत लिहिते, साधी शंभर पानी वही, डाव्या पानावर किराणा-दूध-भाजी आणि उजव्या पानावर गाडी-लाइट-मोबाइल. एका महिन्यात दोन्ही पानांची बेरीज जवळपास सारखी आली. तिनं काही न बोलता वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला गेली. डिझेल नऊ हजार, आणि त्याच महिन्यात क्लचचं काम निघालेलं.

एसयूव्ही द्यायची ठरल्यावर पहिला विचार सेकंडहँडचाच होता. पाच-सव्वापाच लाखात तीन वर्षं जुनी कंपनी फिटेड सीएनजी मिळत होती. पण २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांवरचा सेस धरून २९ टक्के टॅक्स १८ वर आला आणि सगळं गणितच फिरलं. नवीन एलएक्सआय सीएनजी एक्स-शोरूम ५ लाख ८९ हजाराच्या आसपास आली, म्हणजे जुनीत आणि नवीत फरक राहिला किती? जुन्या गाड्यांचे एजंट पहिले काही दिवस जुनेच भाव सांगत होते, "साहेब सिंगल ओनर आहे, डॉक्टरची गाडी आहे" (पुण्यात विकायला असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरची किंवा बँक मॅनेजरची असते), मग हळूहळू फोन यायला लागले की बसून बोलू. त्यात सेकंडहँड वॅगनार सीएनजीत एक डोकेदुखी म्हणजे टॅक्सीत पळालेल्या गाड्या. मारुतीची टॅक्सीसाठीची वॅगनार वेगळी येते, टूर एच३ नावानं, पण प्रायव्हेट पासिंगच्या गाड्यापण कुठं कुठं पळालेल्या असतात आणि मीटर मागं घेतलेला असला तर आपल्याला काय कळणार. नवीनच घेतली, सुटलो.

आता आकडेमोड, कारण ही गाडी घेताना सगळेच आकडेमोड करतात आणि निम्मे लोक अर्धवट करतात. पेट्रोल एलएक्सआय आणि सीएनजी एलएक्सआय यांच्यात एक्स-शोरूम नव्वद हजाराचा फरक होता. लोक इथंच थांबतात. पण आपल्याकडं आरटीओचा टॅक्स पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे आणि सीएनजीला १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढवूनसुद्धा ८ टक्केच, त्यामुळं ऑन-रोड फरक साधारण ब्याऐंशी हजारावर येतो. तेव्हाच्या भावानं पेट्रोल १०४ रुपये आणि सिटीत १८ चा अॅव्हरेज धरला तर किलोमीटरला पावणेसहा रुपये. सीएनजी नव्वदच्या आसपास आणि अॅव्हरेज २७ धरला तर तीन रुपये तेहतीस पैसे. किलोमीटरमागं अडीच रुपयाला थोडे कमी वाचतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला ३३ हजार किलोमीटर गाडी पळली पाहिजे. माझे दोन वर्षांत होतील. आमच्या शेजारच्या काकांचं रनिंग वर्षाला पाच हजार, दर संकष्टीला चिंचवडचा गणपती आणि महिन्यातून एकदा मुलीकडं कोथरूडला, त्यांना साडेसहा वर्षं लागतील. काकांना मी सरळ सांगितलं की तुम्ही पेट्रोल घ्या आणि डिकी वापरा. त्यांनी सीएनजीच बुक केली. "सगळे घेतायत" म्हणाले. बरं.

आणि खरंच सगळे घेतायत. देशात २०२४-२५ मध्ये सीएनजी गाड्यांची विक्री डिझेलच्या पुढं गेली, साधारण पाचातली एक गाडी सीएनजी, आणि मारुतीची तर दर तिसरी. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं, बीएस६ (प्रदूषणाचा कडक नियम) करायला खर्च जास्त म्हणून. पूर्वी ज्याचं रनिंग जास्त तो डोळे झाकून डिझेल घ्यायचा, तोच माणूस आता सीएनजीच्या लाइनीत उभा आहे. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलनं शंभरी गाठली तेव्हा लोकांनी पंपावरचे फोटो काढून स्टेटसला ठेवले होते. आमच्या सासरवाडीला, परभणीला, तर मुंबईच्या आधीच शंभरी झालेली, कारण तिथं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीन-साडेतीनशे किलोमीटरचं टँकरभाडं प्रत्येक लिटरवर बसतं. नंतर केंद्रानं नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ ला, मग राज्यानं जुलै २०२२ ला टॅक्स कमी केला, निवडणुकीच्या तोंडावर मार्च २०२४ मध्ये दोन रुपये, पण शंभरच्या खाली काही आपल्याकडं परत आलं नाही आणि आता कुणी फोटोपण काढत नाही.

पण सीएनजी कायम स्वस्तच राहणार या भरवशावर कुणी घेऊ नका बरं का. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पुण्यात भाव ६२ रुपये २० पैसे झाला, लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. ऑगस्टमध्ये तोच भाव ९१. त्याच १ एप्रिलला देशातल्या गॅसचा सरकारी दर (एमएमबीटीयू या ठोक मापाला) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला होता आणि युक्रेनच्या युद्धामुळं बाहेरून येणारा गॅस तर विचारूच नका. पुढं २०२३ मध्ये सरकारनं त्या दराला साडेसहा डॉलरची मर्यादा घातली, पण २०२४ च्या शेवटाला शहरांच्या गॅस कंपन्यांना मिळणारा तो स्वस्त गॅसच कमी केला. त्यामुळं तुमचं गणित आजच्या भावावर बसत असेल तर किलोला दहा रुपये वाढवून परत एकदा करून बघा. माझं तेव्हाही बसत होतं म्हणून घेतली.

आता गाडी.

कंपनी अॅव्हरेज सांगते ३४.०५ किलोमीटर पर किलो. ते टेस्टिंगमध्ये मिळतं, चाकणच्या तळेगाव चौकात नाही. मला ट्रॅफिकमध्ये एसी लावून २६-२७, हायवेला ऐंशीच्या स्पीडनं शांत चालवली तर तिशी पार. हे मी खूश होऊन सांगतोय. साठ लिटरची टाकी म्हणतात पण ते पाण्याचं माप आहे, गॅस त्यात प्रेशर नीट असेल तर साडेआठ किलोच्या आसपास बसतो, आणि प्रेशर कमी असेल तर सहा-साडेसहालाच नोझल काढतात. म्हणजे फुल टाकीत सव्वादोनशे किलोमीटर, नाहीतर दीडशे-पावणेदोनशे. गॅस संपला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, फक्त बारीक झटका जाणवतो, बाजूला झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. सकाळी स्टार्टपण पेट्रोलवर होते आणि मग गॅसवर जाते. त्यामुळं टाकीत थोडं पेट्रोल कायम लागतं, आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा असं आमचा मेकॅनिक सांगतो, पेट्रोल महिनोन्महिने पडून राहू नये म्हणून. त्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून जो गोंधळ चालूय, अॅव्हरेज पडला वगैरे, त्यात मला फारसं पडायची वेळ येत नाही हा एक छुपा फायदा.

ताकद कमी आहे. पेट्रोलवर ६७ पीएस आणि गॅसवर ५७, कागदावर दहाचाच फरक दिसतो, पण पाच माणसं आणि एसी घेऊन दिवे घाट चढायला लागलात की कळेल. दुसरा गिअर, इंजिन ओरडतंय, मागून एसटी हॉर्न मारतेय. मी सरळ बटण दाबून पेट्रोलवर घेतो आणि वर गेल्यावर परत गॅसवर. ओव्हरटेक करायचा तर लांबून विचार करून करायचा, डिझेलची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस चिडचिड होते. हायवेला शंभरच्या पुढं उंच गाडी वाऱ्यानं हलते, ट्रक बाजूनं गेला की स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. पण शहरात? शहरात मजा आहे राव. उंच बसायला मिळतं, काचा मोठ्या, पुढचं सगळं दिसतं, गल्लीत एका दमात वळते, आणि आईचे गुडघे दुखतात तर तिला ना खाली वाकून बसावं लागतं ना वर चढावं लागतं. एसयूव्हीत तिला स्टूल लागायचं. आमच्या घरात या गाडीला खरं मत मिळालं ते आईचं.

डिकी विसरा. पेट्रोल वॅगनारची डिकी ३४१ लिटरची, चांगली मोठी आहे, पण यात तिथं सिलिंडर आहे. बाजूला दोन सॅक, वर चपलांची पिशवी आणि एखादा टॉवेल. लग्नाला जायचं तर बॅगा मांडीवर. टाटानं २०२३ मध्ये अल्ट्रोझला तीस-तीस लिटरच्या दोन छोट्या टाक्या डिकीच्या खाली बसवल्या, नंतर ह्युंदाईनंपण तसंच केलं, ते मारुतीनं वॅगनारला का केलं नाही देव जाणे. ज्याला महिन्यातून दोनदा गावाला जायचं असतं आणि येताना धान्याचं पोतं आणायचं असतं त्यानं त्या दोन टाक्यांच्या गाड्या आधी बघाव्यात. बजेट वाढेल, तेवढं मात्र आहे. टपावर कॅरिअर लावणारे खूप आहेत, पण मग वारा अडतो आणि वाचवलेला गॅस तिथं जातो.

सेफ्टीचं स्पष्ट बोलतो. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळून टेस्ट करणाऱ्या संस्थेनं वॅगनारला पाचपैकी एक स्टार दिला होता. आता सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आल्यात, एलएक्सआयलासुद्धा, ही चांगली गोष्ट आहे, पण एअरबॅग वाढल्या म्हणजे पत्रा जाड झाला असं नाही. मला माहीत असूनच घेतली. रोजचा रस्ता तीस-चाळीसच्या स्पीडचा, रात्री हायवेला जायचं नाही असं घरात ठरलंय. ज्यांना रोज एक्सप्रेसवेनं मुंबई करायची आहे त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.

एलएक्सआयला म्युझिक सिस्टीम येत नाही. शोरूममध्ये तीच बसवायला सतरा हजार सांगत होते, बाहेर निम्म्यात बसली. शोरूमचं नाव घेत नाही पण एकंदर अनुभव असा की गाडीची किंमत कमी झाली तरी त्यांची भूक कमी झालेली नाही. कोटेशनवर "बेसिक किट" म्हणून मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर आणि एक परफ्यूम, पंधरा हजार, कंपल्सरी. परफ्यूम कंपल्सरी! मी म्हटलं लिहून द्या कंपल्सरी आहे म्हणून, तर लगेच निघालं कोटेशनमधून. इन्शुरन्सचंपण तेच, बाहेरून कोटेशन आणून दाखवलं की साहेब आतल्या केबिनमध्ये जाऊन येतात आणि आठ हजार कमी होतात.

लोनचं मात्र नीट ऐका, कारण तंगीत माणूस इथंच फसतो. जुनी गाडी देऊन आणि थोडी शिल्लक घालून मला तीन लाखच लोन लागणार होतं. सेल्समन म्हणाला "सर, सात वर्षं करा, ईएमआय अठ्ठेचाळीसशे, डिझेलचे तुमचे महिन्याला चार हजार वाचतायत, म्हणजे गाडी जवळजवळ फुकटच." ऐकायला किती गोड. नऊ टक्क्यानं सात वर्षांत व्याज एक लाखाच्या वर जातं, पाच वर्षांत चौऱ्याहत्तर हजार. तीस हजाराचा फरक, म्हणजे माझ्या रनिंगला सहा महिन्यांचा गॅस. पाच वर्षंच केली, हप्ता सव्वासहा हजार येतो, वाचलेले पैसे त्यात जातात आणि वरचे दोन हजार खिशातून. म्हणजे महिन्याच्या बजेटमध्ये आज तरी सुटका नाही, ती लोन संपल्यावर. फक्त जुन्या गाडीचं अचानक निघणारं काम बंद झालं, आणि बायकोच्या वहीत उजव्या पानावर आता दर महिन्याला तोच आकडा येतो, तिला तेवढं पुरतं.

इलेक्ट्रिकचा विचार केला नाही का असं सगळे विचारतात. केला. सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय मीटिंगला आला की एक जण आगीबद्दल बोलतो, एक जण वायरिंगबद्दल, तिसरा म्हणतो माझ्याकडं गाडीच नाही तर मी का पैसे देऊ, आणि चहा येतो. ज्यांचं स्वतःचं पार्किंग, स्वतःचं मीटर आहे आणि वरचे तीन लाख जमत असतील त्यांनी इलेक्ट्रिकच बघावं, किलोमीटरला खर्च अजून कमी आहे.

आता पंप. हा या गाडीच्या रिव्ह्यूचाच भाग आहे कारण गाडी घेतलीत की पंपाशी संसार करावा लागतो. संध्याकाळी सहा ते नऊ जाऊच नका. रिक्षांची लाइन वेगळी, कारची वेगळी, दोन्हीच्या मधून घुसणारा एक जण असतोच आणि त्याच्यावर ओरडणारा रिक्षावाला असतोच. नंबर आला की गाडी बंद, सगळ्यांनी खाली उतरायचं, पोरगं झोपलेलं असलं तरी उचलून. "काका, प्रेशर दोनशेला नाही जाणार, एकशेसत्तरला बंद होतंय" असं पंपावरचा पोरगा नोझल लावताना सांगतो, म्हणजे आज टाकी फुल नाही. पाइपलाइनवरच्या पंपाला प्रेशर बरं मिळतं, जिथं ट्रकवर सिलिंडरचे सेट येतात तिथं गाडी यायची वाट बघत बसायचं आणि शेवटच्या शेवटच्या गाड्यांना प्रेशर मिळत नाही. मी आता सकाळी सहाच्या शिफ्टच्या आधी भरतो, पाच-दहा मिनिटांत काम होतं. वेळेचीपण किंमत धरा, धंदेवाल्या माणसाचा अर्धा तास लाइनीत गेला तर त्याची बचत तिथंच संपली. आणि हे सगळं एका पाइपवर अवलंबून आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या आवारात 'गेल' या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन फुटली तर दोन-तीन दिवस रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे काय हाल झाले ते बातम्यांत बघितलंच असेल.

परभणीला जाताना नगरला भरून घेतला आणि पुढं कल्याण-निर्मल हायवेनं पाथर्डी, गेवराई, माजलगाव, पाथरी. मॅपवर सीएनजी पंप दिसतो म्हणजे तिथं गॅस असतोच असं नाही, आधी फोन करा आणि "गॅसची गाडी आलीय का" एवढंच विचारा. शेवटचा टप्पा पेट्रोलवर काढला. तिथं पोचल्यावर मेहुणा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दाजी, मोठ्या गाडीवरून एकदम वॅगनार? काही प्रॉब्लेम झाला का?" त्याची नऊ लाखाची गाडी आहे, सात वर्षांच्या हप्त्यावर, आणि पेट्रोल परभणीचं. मी म्हटलं जेवायला वाढा. सासरे मात्र रात्री हळूच येऊन विचारून गेले की किलोला किती जाते.

रंगाबद्दल एक सूचना, पांढरी घेऊ नका. मी घेतली, आणि स्टेशनबाहेर बायकोची वाट बघत थांबलो की कुणीतरी मागचं दार उघडून बसतं आणि ओटीपी सांगायला लागतं.

घेणार असाल तर डिलिव्हरीच्या वेळी आरसीवर आणि इन्शुरन्सच्या कागदावर दोन्हीकडं इंधन पेट्रोल/सीएनजी असं लिहिलंय का ते स्वतः वाचून घ्या, इन्शुरन्सवर नुसतं पेट्रोल असलं तर क्लेमला अडकवतात. सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या प्रेशरनं तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख प्लेटवर असते, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, काही पंपांवर बघायला मागतात. आणि बाहेरून स्वस्तात किट बसवून देतो म्हणणारे भेटतील, नव्या गाडीवर तसलं काही करू नका, इंजिनची वॉरंटी हातची जाईल. वेटिंग आमच्या वेळी दिवाळीमुळं जास्त होतं, आता शोरूमला विचारून बघा, आणि परफ्यूमचे पैसे देऊ नका.